प्रार्थनेचा विषय

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, चाळीसेक घरांची. बडोद्यातल्या एका गुजराती मंडळीचं चर्च आहे. सकाळी त्यांची उपासना होते आणि दुपारी चारला त्याच बाकांवर आमची मराठी उपासना भरते. आमच्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे रेल्वेच्या नाहीतर दवाखान्याच्या नोकरीसाठी नगर-जालन्याकडून इथे आले आणि इथलेच झाले. मुलं आता आपसांत गुजरातीत बोलतात, पण गीतं अजून मराठीतच म्हणतात. चाळीस घरांत सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, असं आम्ही पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचो. कोणी आजारी पडलं की संध्याकाळपर्यंत तीन घरांतून कढी-खिचडी यायची. हे खोटं नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती खिचडी मी खाल्ली आहे.

जे सांगायचं आहे ते माझ्या मैत्रिणीबद्दल आहे, आणि त्यात माझी बाजू चांगली नाही.

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन बडोद्यात आलो. ती मिरजेची, मी जालन्याची. मी कारेलीबागेत घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. ती निजामपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, अजूनही आहे. मंडळीतल्या सगळ्यांचे चष्म्याचे नंबर तिला पाठ. उपासनेला ती आणि मी शेजारी बसायचो. गीत सुरू झालं की मी सरळ चालीत म्हणायची आणि ती खालच्या सुरात साथ धरायची. तो सूर तिला कोणी शिकवला नव्हता. तिला मूलबाळ नव्हतं. सख्खी म्हणावी अशी एक मोठी बहीण, ती शहराच्याच हरणी भागात राहायची.

तिचा नवरा मंडळीचा सेक्रेटरी. उंच, रुबाबदार माणूस, आवाज असा की बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला लागला की लहान मुलंसुद्धा चुळबुळ थांबवायची. इमारतीच्या मूळ गुजराती मंडळीशी बोलणी असोत, दफनभूमीची परवानगी असो, सगळ्याला तोच पुढे. आम्ही त्याला सेक्रेटरीसाहेब म्हणायचो. उपासना चालवणारे पाळकसाहेब दर चार-पाच वर्षांनी बदलून जायचे. सेक्रेटरीसाहेब मात्र बारा वर्षं तेच होते.

एका मंगळवारी माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून मी तिच्या दुकानात गेले. तिच्या डोळ्यांवर जुनाट, तपकिरी फ्रेम होती. रविवारी उपासनेतही तिनं तोच चष्मा घातला होता.

"अगं, चष्म्याच्या दुकानात काम करतेस आणि हे कुठलं ध्यान काढलंस?" मी हसत विचारलं.

"आधीचा तुटला."

"पडला?"

तिनं माझा चष्मा हातात घेतला, बारीक स्क्रूड्रायव्हरनं दांडी आवळली, कापडानं काचा पुसल्या आणि परत दिला. मालक जेवायला गेले होते. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे काचा घासायचं मशीन होतं. तिनं ते सुरू केलं. घरघर सुरू झाल्यावर म्हणाली, "पडला नाही. माझ्या तोंडावर असताना तुटला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं बाही वर केली. दंडावर चार बोटांचे वळ पिवळे पडत आले होते.

"केव्हापासून?"

"नऊ वर्षं. सारखं नाही. महिना दोन महिने काही नसतं. मग एखाद्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं."

मी काहीतरी बोलू लागले, पाळकसाहेबांना सांगू वगैरे. तिनं माझा हात धरला. "कुणाला सांगू नकोस. तुझ्या घरीही नको. मला फक्त एका माणसाला तरी माहीत असावं असं वाटलं."

"नाही सांगणार. शपथ."

"शपथ नको घेऊस, आपल्यात घेत नाहीत. नुसतं नाही म्हण."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, महिला मंडळाची प्रार्थनासभा होती. प्रत्येक बुधवारी एकेकीच्या घरी असते, दुपारी तीनला. त्या दिवशी ती मंडळीतल्या सगळ्यात वयस्क बाईंच्या घरी होती. त्या बाईंना आम्ही सगळ्या मावशी म्हणतो. नऊ-दहा जणी होतो. माझी मैत्रीण दुकान सोडून बुधवारी येऊ शकत नसे. गीत झालं, वचन झालं, मग नेहमीसारखं मावशींनी विचारलं, "प्रार्थनेचे विषय सांगा."

एकीच्या मुलाचा व्हिसा. एकीच्या नणंदेचं गुडघ्याचं ऑपरेशन. माझी पाळी आली. मी रात्रभर झोपले नव्हते आणि छातीत ते सगळं नुसतं भरून राहिलं होतं. मी म्हणाले, "एका भगिनीसाठी प्रार्थना करू या. नाव सांगत नाही. घरी नवरा हात उचलतो."

चहाचा कप उचललेली बाई तशीच राहिली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आज मी हे लिहिते आहे तर खरंच लिहीन. मला त्या क्षणी वाईट वाटत होतं, कळवळा होता, पण त्याच्या जोडीला आणखीही काहीतरी होतं. मला माहीत आहे आणि यांना माहीत नाही, याची एक गोडी होती. ती गोडी मला ओळखू आली नाही, कारण मी डोळे मिटून बसले होते आणि विषय प्रार्थनेचा होता.

"आपल्यातलीच का गं?" कोणीतरी विचारलं.

मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच होतं. तिथेच थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण मी म्हणाले, "बिचारीचा चष्मासुद्धा फोडला."

रविवारी तो तपकिरी चष्मा सगळ्यांनी पाहिला होता.

मग प्रार्थना झाली. फार कळकळीची झाली. एक जण रडलीसुद्धा. त्या नऊ जणींपैकी कोणी वाईट नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. प्रत्येकीनं घरी जाऊन आणखी एकाच माणसाला सांगितलं असेल, तेही प्रार्थना करा म्हणूनच. आमच्यात चहाडीला कोणी दारात उभं करत नाही. पण तीच प्रार्थनेचा पदर डोक्यावर घेऊन आली की आम्ही तिला पाट मांडतो.

रविवारपर्यंत ती गोष्ट चाळीस घरांत फिरून आली. उपासना संपल्यावर बायका माझ्या मैत्रिणीला घट्ट मिठ्या मारत होत्या, हात हातात घेऊन "प्रभू बघतो आहे हं" म्हणत होत्या. ती गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये रिक्षाचे सुटे पैसे शोधायला लागले.

मंगळवारी पाळकसाहेब मंडळीचा कारभार बघणाऱ्या दोन वडीलजनांना घेऊन त्यांच्या घरी गेले. पाळकसाहेब तरुण होते, नगरकडून नुकतेच आलेले, राहायचं घर त्यांना सेक्रेटरीसाहेबांनीच मिळवून दिलेलं. ती भेट कशी झाली ते मला पुढे तिच्याकडूनच कळलं. नवऱ्यानं सगळ्यांना सोफ्यावर बसवलं, तिला चहा करायला सांगितलं. चहाचा ट्रे तिच्या हातात असतानाच पाळकसाहेबांनी विचारलं, "भगिनी, लोक काही बोलताहेत. भाऊ तुम्हाला मारतात का?" नवरा समोर बसलेला. ती म्हणाली, "नाही." पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी नानखटाई खाल्ली आणि ते गेले. ते गेल्यावर जे झालं ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मग मला बोलावणं आलं. चर्चच्या मागच्या खोलीत पाळकसाहेब, ते दोघे वडीलजन आणि सेक्रेटरीसाहेब बसले होते. सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे न बघता हातातली फाइल नीट करत होते.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही जे बोललात ते खुद्द त्या भगिनीनं नाकारलंय. मग हे काय म्हणायचं?"

"तिनं मला स्वतः सांगितलं."

"तिनं आमच्यासमोर नाही म्हटलंय."

"यांच्यादेखतच विचारलं असेल ना तुम्ही?" मी सेक्रेटरीसाहेबांकडे हात केला.

तेव्हा त्यांनी मान वर केली. आवाज अगदी शांत, शास्त्रपाठाचाच. "ताई, माझा तुमच्यावर राग नाही. पण मंडळीची शांती मोडली. मला वाटतं येत्या रविवारी तुम्ही उभं राहून गैरसमज झाला एवढं म्हणावं. मी मनापासून क्षमा करीन. नाहीतर मला राजीनामा द्यावा लागेल, आणि या इमारतीचा करार माझ्या नावच्या पत्रव्यवहारावर आहे, हे सर्वांना माहीत आहे."

मी घरी आले. माझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो सज्जन माणूस आहे, भांडण म्हटलं की मागे सरतो. मग म्हणाला, "जानेवारीत पोरीचं लग्न आहे. याच चर्चमध्ये. पत्रिका छापायला गेल्यात."

"आणि तिचं काय?"

"ती स्वतःच नाही म्हणतेय ना? मग तू कशाला तिच्यापेक्षा जास्त?"

हे वाक्य मला सोयीचं वाटलं. चार दिवस मी ते मनात घोळवलं. तीच नाही म्हणते आहे. मी हट्ट धरला तर तिलाच त्रास. गैरसमज म्हटलं की तिच्याबद्दलची कुजबुज थांबेल. असं मी स्वतःला पटवत गेले आणि शनिवारी संध्याकाळी मला खरोखरच वाटायला लागलं की मी हे तिच्यासाठी करते आहे.

रविवारी उपासनेत सूचना देतात त्या वेळी पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उभी राहिले. म्हणाले, "मागच्या आठवड्यात महिला सभेत मी एका कुटुंबाबद्दल बोलले. माझा गैरसमज झाला होता. तसं काही नाही. मी मंडळीची आणि त्या कुटुंबाची क्षमा मागते." सेक्रेटरीसाहेब पुढे आले, त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि "सलाम, ताई" म्हणाले. कोणीतरी आमेन म्हटलं. मागच्या खोलीत मंडळीची नोंदींची वही ठेवली होती, तिच्यात ते लिहिलं गेलं, आणि मी सही केली.

माझी मैत्रीण त्या दिवशी माझ्या शेजारी बसली नव्हती. ती उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर होती. मी बोलत असताना तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. शेवटच्या गीताला मी तिचा खालचा सूर ऐकायचा प्रयत्न केला. तो आला नाही.

त्यानंतर साधारण महिन्यानं, भर दुपारी, ती हातात एक पिशवी घेऊन रिक्षानं बहिणीकडे हरणीला निघून गेली. डाव्या कानाखाली बसलेल्या एका फटक्यानं तिच्या कानाचा पडदा फाटला होता. पुढे ऑपरेशन झालं, पडदा जोडला, पण ऐकू पूर्वीसारखं आलं नाही. हे सगळं मला कुणीकुणी सांगितलं तेव्हा सांगणाऱ्यांच्या बोलण्यात कानाचा उल्लेख शेवटी असायचा. सुरुवात वेगळी असायची. घर मोडून गेली. नवऱ्याला एकट्याला टाकून गेली. एवढा मोठा माणूस हातानं भाकरी थापतो. बायका आळीपाळीनं त्याला डबे पाठवायला लागल्या. मंडळीची प्रीती अशी त्या घरी रोज दुपारी स्टीलच्या डब्यातून जात होती, आणि हरणीला एकदाही गेली नाही. हरणी काही लांब नाही.

ती दोन-तीनदा उपासनेला आली. मी पाहिलं ते सांगते. ती आत आली की बाकांवरच्या पिशव्या हलायच्या नाहीत. आमच्यात दारात भेटलेल्या अनोळखी माणसालाही सलाम करतात. तिला कोणी केला नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, आधी पतीशी समेट करा, मग भाकर-द्राक्षारस घ्या. ती परत जाऊन बसली. भाकरीचं ताट तिच्या बाकापाशी आलं तेव्हा तिनं ते न घेता पुढच्या बाईकडे दिलं. दोन्ही हातांनी, सांभाळून. त्यानंतर ती आली नाही.

मीही तिला सलाम केला नव्हता. मला कोणी मना केलं नव्हतं. मला तिच्या डोळ्यांना डोळे भिडवायचे नव्हते, एवढंच. पण तिला बाकीच्यांचं न बोलणं आणि माझं न बोलणं यांत फरक कसा कळणार?

जानेवारीत माझ्या मुलीचं लग्न झालं. चर्च फुलांनी सजवलं होतं. नवरा-नवरीच्या सह्या घ्यायला रजिस्टर घेऊन सेक्रेटरीसाहेब उभे होते, करड्या सुटात, कुठे सही करायची ते बोटानं दाखवत. मुलीनं वाकून त्यांचे आशीर्वाद घेतले. अल्बममध्ये तो फोटो आहे. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला जिनं तिला हातात धरलं होतं ती बाई त्या अल्बममध्ये कुठेच नाही, कारण मी तिला पत्रिका पाठवली नव्हती.

लग्नाचा गलबला ओसरला आणि मग मला ते खायला लागलं. शिकवताना मध्येच थांबायची. मुलं म्हणायची, "टीचर, आगळ?" पुढचं मला सुचायचं नाही. शेवटी मार्चमध्ये एका सकाळी मी निजामपुऱ्याला गेले. दुकानात ती होती. चष्मा नवा होता. मी उभी राहिले, तर तिनं गिऱ्हाइकाला बसवतात तसं मला स्टुलावर बसवलं.

"नंबर तपासायचाय?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणावं कळेना. तिनं माझ्या डोळ्यांवर ती जड फ्रेम चढवली, एकेक काच घातली. मी अक्षरं वाचली. खालच्या ओळीपर्यंत आले आणि मला वाचता येईना, कारण डोळे भरले होते.

"इकडून बोल," ती उजव्या कानाला हात लावून म्हणाली. "डावीकडचं नीट येत नाही."

मी उजवीकडे सरकले. म्हणाले, "माझं चुकलं. मी तुझं सांगायला नको होतं."

ती काचा एकेक करून डबीत परत ठेवत होती. "सांगितलंस त्याचा मला राग आला होता. पण तो गेला. तुझ्याही पोटात मावलं नसेल, मी समजू शकते. खरं सांगू? ज्या बुधवारी तू सांगितलंस, त्याच्या पुढच्या रविवारी बायका मिठ्या मारत होत्या ना, तेव्हा मला लाज वाटली, पण एक क्षण असंही वाटलं की आता सुटले. आता सगळ्यांना कळलं." तिनं डबी बंद केली. "मग तू उभी राहिलीस आणि म्हणालीस तसं काही नाही."

"तूही पाळकांना नाही म्हणालीस..."

"माझ्या हातात ट्रे होता आणि तो समोर बसला होता. तुझ्यासमोर कोण बसलं होतं?"

मी माझा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मला क्षमा कर," मी म्हणाले.

"करते," ती म्हणाली. "रोज सकाळी प्रार्थनेत करते. संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करते." मग कागदावर नंबर लिहून माझ्या हातात दिला. "पाव नंबर वाढलाय. घाई नाही."

मी दाराशी गेले तेव्हा तिनं हाक मारली. तिनं कोर्टात अर्ज केला होता, नवऱ्यापासून संरक्षण मिळावं म्हणून. डॉक्टरांचे कागद होते, बहिणीची साक्ष होती. पण कानाचा पडदा फाटायच्या आधीचं, त्या नऊ वर्षांचं, माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"येशील?" तिनं विचारलं. "आणि येणार असशील तर मागे फिरू नकोस. त्यापेक्षा आत्ताच नाही म्हण. नाही म्हटलंस तरी चालेल."

"येईन," मी म्हणाले.

ही बातमीही पसरली, मी न सांगता. एका दुपारी मावशी माझ्याकडे आल्या. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघे दुखतात, तरी दोन जिने चढून. पाणी प्यायल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "कोर्टात जाऊ नकोस गं. आपलं चव्हाट्यावर येईल. लोक हसतील आपल्याला. आधीच दिवस कसे आहेत, तुला ठाऊक आहे. आपण मूठभर माणसं."

"मावशी, तो तिला मारायचा."

मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या. "ते ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी चार वर्षं त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे त्या बुधवारी, तुमच्या घरी, मी बोलले तेव्हा तुम्हाला..."

"मला होतं. आणखी दोघी-तिघींना असेल. वरून आवाज यायचे. मी गुडघे टेकायची आणि तिच्यासाठी प्रार्थना करायची. खूप केली गं. दुसरं काय करणार?"

"जिना चढायचा होता," मी म्हणाले.

इतक्या कडवटपणे मी मावशींशी आयुष्यात बोलले नव्हते. त्या उठल्या, काठी घेतली आणि गेल्या. त्या एकेक पायरी उतरत होत्या तो आवाज मी ऐकत होते, आणि त्यांना दोष देण्याचा मला काय अधिकार, हेही मला कळत होतं. त्यांनी निदान गैरसमज झाला असं तरी म्हटलं नव्हतं.

कोर्टात माझी पाळी यायला तीन तारखा गेल्या. प्रत्येक तारखेला मी जायची, बाहेरच्या बाकावर बसायची, पुढची तारीख ऐकून परत यायची. माझी मैत्रीण आणि तिची बहीण दुसऱ्या बाकावर असायच्या. सेक्रेटरीसाहेबांबरोबर मंडळीतले सहा-सात पुरुष यायचे. ते मला ओळख दाखवत नव्हते.

साक्ष मी दिली. दुकानात तिनं काय सांगितलं, दंडावर काय पाहिलं, सगळं. मग सेक्रेटरीसाहेबांचे वकील उठले. त्यांच्या हातात मंडळीच्या त्या वहीची प्रत होती, खाली गुजराती भाषांतर.

"आ सही तमारी?"

"हो. माझी."

"लखेलुं छे के गेरसमज थई हती. त्यारे खोटुं बोल्यां के आजे?"

"तेव्हा."

"चर्चमां? भगवान सामे?"

"हो," मी म्हणाले. "चर्चमध्ये. देवासमोर. चाळीस घरांसमोर."

वकील न्यायाधीशांकडे वळून हसले आणि खाली बसले. एवढंच त्यांना हवं होतं. सेक्रेटरीसाहेब समोरच होते. मला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. काही नव्हतं. खरोखरच दुःखी वाटेल असा चेहरा करून ते माझ्याकडे बघत होते, एखाद्या वाट चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं.

पाळकसाहेबांनाही सेक्रेटरीसाहेबांच्या वकिलांनी साक्षीला बोलावलं होतं. ते आले, आणि म्हणाले की त्यांच्या समक्ष पत्नीनं मारहाण नाकारली होती. ते खोटं नव्हतं. चहाच्या ट्रेबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही.

काही महिन्यांनी निकाल लागला. नवऱ्यानं तिच्या बहिणीच्या घरी किंवा ती काम करते त्या दुकानात जायचं नाही, तिला कुठल्याही मार्गानं गाठायचं नाही, एवढा आदेश मिळाला, तो डॉक्टरांच्या कागदांच्या जोरावर. आधीच्या नऊ वर्षांबद्दल पुरेसा पुरावा नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. तिच्या वकीलबाईंनी मला समजावून सांगितलं, की साक्षीदारानं स्वतःच एकदा शब्द फिरवला असेल तर त्या साक्षीला वजन राहत नाही. त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या, दोष देत नव्हत्या.

कोर्टाच्या पायऱ्यांवर माझ्या मैत्रिणीनं मला थांबवलं. म्हणाली, "आलीस. बरं झालं." मी म्हणाले, "उपयोग झाला नाही." ती म्हणाली, "नाही झाला." तिच्या बहिणीनं रिक्षा थांबवली होती. दोघी बसल्या. रिक्षात तिसरीची जागा होती, पण तिनं मला बस म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. कारेलीबाग त्यांच्या वाटेवरच आहे.

आता महिला मंडळाची सभा माझ्या घरी येत नाही. यादी फिरते तेव्हा माझं नाव गाळलं जातं, कोणी तसं ठरवलेलं नसेल, पण गाळलं जातं. माझा नवरा सकाळच्या गुजराती उपासनेला जायला लागला आहे. तिथे आम्हाला कोणी विशेष ओळखत नाही, ते त्याला बरं वाटतं. मी अजून दुपारच्याच उपासनेला जाते. का जाते ते मला नीट सांगता येत नाही. तिथे जे घडलं त्यात माझा हात आहे, आणि ते टाकून दुसऱ्या बाकांवर जाऊन बसणं मला जमत नाही. सेक्रेटरीसाहेब अजून शास्त्रपाठ वाचतात. गेल्या निवडणुकीत ते बिनविरोध आले. आवाज अजून तसाच आहे, आणि प्रीतीवरचा पाठ आला की बायका अजून मान डोलावतात.

मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीनं नवऱ्याचं नाव काढून टाकून आधारकार्डावर माहेरचं नाव लावून घेतलं, असं तिच्या बहिणीकडून कळलं. ती कुठल्याच चर्चला जात नाही. घरी बहिणीबरोबर बसून वाचते, प्रार्थना करते. गात मात्र नाही, कारण एका कानानं तिला आपला स्वतःचा सूर कुठे लागतो आहे ते कळत नाही.